प्रकाशाचा सांधेबदल : काचतंतूपासून सिलिकॉनपर्यंत

मुंबईवरील लोकसंख्येचा वाढता भार हलका करावा या हेतूने १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस, शेतजमिनी, मिठागरे व कोळीवाडे यांच्या भूमीवर एका नव्या नगराची आखणी सुरू झाली. १९७३ मध्ये खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे आली. माणसे आणि माल यांच्या ये-जा करण्याच्या या सोयी सर्वांना दिसतात. मात्र आज या नगरातील एक फार मोठी वाहतूक डोळ्यांना दिसत नाही. ती जमिनीखालच्या काचेच्या तंतूंमधून होते आणि तिच्यात प्रवास करतो तो प्रकाश.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात एके काळी प्रामुख्याने रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने होते. आज त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे या भागांत माहिती साठविणारी व पुरविणारी मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. कोपरखैरणे येथील संकुलातून २००२ च्या अखेरीपासून एका देशव्यापी प्रकाशतंतू जाळ्याचे संचालन सुरू झाले. पनवेल येथे २०२० मध्ये आणखी एक भव्य डेटा सेंटर कार्यान्वित झाले. समुद्रतळावरून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय तारा मुंबईच्या किनाऱ्यावर चढतात, हेही या वाढीचे एक महत्त्वाचे कारण होय.

सात-बाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार, शाळेतील दूरशिक्षणाचा पाठ यांपैकी बऱ्याच गोष्टी कोठे ना कोठे अशा जाळ्यातून जातात. या प्रवासात प्रकाशाला काचेच्या एका तंतूतून दुसऱ्या तंतूत आणि शेवटी काचेतून सिलिकॉनसारख्या निराळ्या पदार्थात जावे लागते. खरी अडचण लांबच्या पल्ल्यात फारशी नसते, ती या सांध्यांवर असते. म्हणूनच हे सांधे कसे काम करतात, तेथे प्रकाश का वाया जातो आणि तो कसा वाचविता येतो, हे समजून घेणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांना उपयुक्त ठरेल.

काचेत प्रकाश कोंडून कसा राहतो

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना त्याचा वेग बदलतो आणि दिशाही वळते. निर्वात पोकळीतील वेगाच्या मानाने पदार्थातील वेग किती पटीने कमी होतो ते दाखविणाऱ्या आकड्यास अपवर्तनांक म्हणतात. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १ असतो, तंतूसाठी वापरल्या जाणाऱ्या शुद्ध काचेचा सुमारे १.४५, तर सिलिकॉनचा सुमारे ३.४८.

अधिक अपवर्तनांकाच्या पदार्थातून कमी अपवर्तनांकाच्या पदार्थाकडे प्रकाश बराच तिरपा गेला, तर तो बाहेर न पडता संपूर्णपणे आत परततो. प्रकाशतंतूची रचना याच तत्त्वावर केलेली असते. मधोमध किंचित अधिक अपवर्तनांकाचा गाभा आणि त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाचे काचेचे वेष्टन असते. लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा अवघा ८ ते ९ मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वेष्टनासह तंतूची जाडी १२५ मायक्रॉन भरते. अशा रीतीने प्रकाशाला ठरावीक वाटेने नेणाऱ्या कोणत्याही रचनेस प्रकाशवाहिनी म्हणता येईल, मग ती किलोमीटरभर लांबीचा तंतू असो वा चिपवर कोरलेली केसाहून बारीक पट्टी असो.

या विद्येच्या उभारणीत भारतीयांचा वाटा मोठा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखविली आणि १९५४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. काचेतील अशुद्धी काढून टाकल्यास तंतूतून दूरसंदेशवहन शक्य होईल, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये सहकारी हॉकहॅम यांच्यासह दाखवून दिले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तसा तंतू तयार केला. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर १९७९ मध्ये पुणे येथे दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा बसविण्यात आली. पुढे छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज व शेंद्रा येथे प्रकाशतंतूचे उत्पादनही होऊ लागले.

हानी मोजण्याचे माप

प्रकाश किती कमी झाला हे डेसिबल या मापात सांगतात. ३ डेसिबल हानी झाली म्हणजे प्रकाश जवळजवळ निम्मा उरला. १० डेसिबल झाली म्हणजे दहावा भाग आणि २० डेसिबल झाली म्हणजे शंभरावा भाग उरला. या मापाची सोय अशी की वाटेतील निरनिराळ्या हानींची केवळ बेरीज करावी लागते.

आजच्या उत्तम तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची हानी दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असते. म्हणजे १५ किलोमीटर अंतर कापल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. परंतु एकच सदोष सांधा तेवढीच हानी एका क्षणात करू शकतो. १५ किलोमीटर काच आणि एक वाईट जोड यांची किंमत सारखीच ठरते, ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे पुढील सर्व काळजीचे मर्म कळते.

काचेला काच जोडताना

दोन तंतू जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत दोन्ही टोके सरळ कापून, समोरासमोर आणून, विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करतात. जोड उत्तम साधला तर हानी ०.१ डेसिबल किंवा त्याहूनही कमी राहते. दुसऱ्या पद्धतीत कनेक्टर वापरतात. तो हवा तेव्हा काढता-घालता येतो, पण त्यात ०.३ ते ०.५ डेसिबलपर्यंत हानी धरावी लागते.

जोड नीट का बसावा लागतो, हे काही आकड्यांवरून स्पष्ट होईल. तंतूतील प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास सुमारे १० मायक्रॉन असतो. दोन गाभे एकमेकांपासून १ मायक्रॉन बाजूला सरकले तर जवळपास ४ टक्के प्रकाश वाया जातो. ३ मायक्रॉन सरकल्यास चौथ्या हिश्शाहून अधिक आणि ५ मायक्रॉन सरकल्यास निम्म्याहून अधिक प्रकाश गमावला जातो. गाभ्यासमोर धुळीचा एक बारीक कण बसला तरी वाट अडते. कनेक्टर जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी स्वच्छ करावा, हा नियम त्यामुळेच घालून दिलेला आहे.

दोन टोकांमध्ये हवेची फट राहिली तर आणखी एक हानी होते. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे साडेतीन टक्के प्रकाश मागे परततो. हा परतलेला प्रकाश लेसरच्या कामातही व्यत्यय आणतो. तो बाजूला वळावा म्हणून काही कनेक्टरांचे टोक ८ अंशांनी तिरपे घासलेले असते. अशा कनेक्टरांचा रंग हिरवा ठेवण्याची प्रथा आहे, तर जवळजवळ सरळ टोकाचे कनेक्टर निळे असतात. हिरवा कनेक्टर निळ्याला जोडला तर तो बसल्यासारखा दिसतो, परंतु तिरपे टोक सरळ टोकाला टेकत नाही, फट राहते आणि प्रकाश वाया जातो. हिरव्यास हिरवा व निळ्यास निळा, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ तक्रारी टळतील.

नेरळचे उदाहरण

आतापर्यंत काचेला काच जोडण्याचा विचार झाला. डेटा सेंटरमधील उपकरणांत मात्र प्रकाशाला सिलिकॉनच्या चिपवरील वाहिनीत शिरावे लागते. येथे पदार्थ बदलतो आणि त्याबरोबर वाहिनीचा आकारही बदलतो.

मुंबईहून माथेरानला जाणारा प्रवासी नेरळपर्यंत रुंदमापी गाडीने येतो. तेथे रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर असते. पुढची डोंगरावरची गाडी ६१० मिलिमीटर अंतराच्या रुळांवरून धावते. मोठी गाडी त्या रुळांवर चालणे शक्य नाही, म्हणून नेरळला उतरून गाडी बदलावी लागते. काचतंतू आणि सिलिकॉन यांच्यातील तफावत याहून कितीतरी मोठी आहे. सिलिकॉनवरील नेहमीच्या वाहिनीची रुंदी सुमारे अर्धा मायक्रॉन आणि उंची पाव मायक्रॉनहूनही कमी असते. तंतूतील प्रकाशाच्या ठिपक्याचे क्षेत्रफळ तिच्या छेदाच्या शेकडो पट भरते. तंतू नुसता या पट्टीला टेकविला, तर शंभरातील एक भाग प्रकाशही आत शिरणार नाही.

त्यात पदार्थभेदाची भर पडते. सिलिकॉन आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे ३० टक्के प्रकाश परावर्तित होतो. म्हणजे वाट अरुंद आणि दारही अर्धवट लोटलेले, अशी दुहेरी अडचण असते.

तीन उपाय

शास्त्रज्ञांनी यावर मुख्यतः तीन उपाय योजिले आहेत.

पहिला उपाय निमुळत्या टोकाचा. सिलिकॉनची पट्टी टोकाकडे हळूहळू अधिक अरुंद करीत नेतात. वाट अरुंद केली की प्रकाशही आकसेल असे प्रथमदर्शनी वाटते, पण घडते उलट. पट्टी फार अरुंद झाली म्हणजे तिला प्रकाश धरून ठेवता येत नाही. पाट अगदी चिंचोळा झाला की पाणी काठावरून ओसंडून दोन्ही अंगांना पसरते, तसा प्रकाश पट्टीबाहेर सभोवतालच्या काचेत पसरतो. त्याचा ठिपका मोठा होतो आणि तंतूतील ठिपक्याशी अधिक जुळतो. प्रकाश आता बव्हंशी काचेतच असल्याने सीमेवरील परावर्तनही घटते.

दुसरा उपाय जाळीचा. चिपच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने बारीक चरे कोरतात. प्रत्येक चऱ्यावरून थोडा प्रकाश विखुरतो आणि चऱ्यांमधील अंतर योग्य असेल तर हे सर्व विखुरलेले तरंग एकाच दिशेने एकमेकांना साथ देतात. त्यामुळे वरून टेकविलेल्या तंतूतील प्रकाश वळून पट्टीत शिरतो. ही रीत तपासणीसाठी सोयीची आहे, कारण चिप कापण्यापूर्वीच तिची परीक्षा घेता येते. मात्र ती काही मर्यादित तरंगलांबींनाच मानवते.

तिसरा उपाय शेजाराचा. तो सर्वांत मनोरंजक असून भिन्न पदार्थांच्या वाहिन्या जोडण्यासाठी विशेष उपयोगी पडतो.

शेजारून होणारे हस्तांतर

वाहिनीतील प्रकाश तिच्या भिंतीपाशी एकदम संपत नाही. त्याचा क्षीण होत जाणारा पदर भिंतीबाहेर तरंगलांबीच्या काही अंशाइतका पसरलेला असतो. दुसरी वाहिनी या पदराच्या कक्षेत आली, तर दोन्ही एकमेकींना स्पर्श न करताही प्रकाश पहिलीतून दुसरीत जाऊ लागतो.

दोन समान लंबकांवरून ही गोष्ट समजते. एकाच आडव्या दोरीला सारख्या लांबीचे दोन लंबक टांगून एकास झोका दिला, तर काही वेळाने तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो. मग गती पुन्हा पहिल्याकडे येते. एकसारख्या दोन वाहिन्यांतही प्रकाश असाच या बाजूचा त्या बाजूस जातो व परततो. ठरावीक लांबीवर दुसरी वाहिनी दूर वळविली, तर सर्व प्रकाश तिच्यातच राहतो.

लंबकांची लांबी निराळी असेल, तर गती पूर्णपणे हस्तांतरित होत नाही. भिन्न पदार्थांच्या वाहिन्यांची अडचण नेमकी हीच आहे. सिलिकॉनमध्ये प्रकाश सावकाश चालतो, तर सिलिकॉन नायट्राइडमध्ये, ज्याचा अपवर्तनांक सुमारे २ आहे, तो अधिक वेगाने चालतो. दोघांची चाल जुळत नाही, म्हणून हस्तांतर अपुरे राहते.

यावरील तोड अशी की प्रकाशाची चाल पदार्थाप्रमाणेच वाहिनीच्या रुंदीवरही अवलंबून असते. सिलिकॉनची पट्टी अरुंद केली की प्रकाशाचा अधिकाधिक भाग बाहेर पसरतो आणि चाल वाढते. योग्य रुंदीवर तिची चाल शेजारच्या वाहिनीशी जुळते. आता पट्टी एकदम अरुंद न करता दीर्घ अंतरावर हळूहळू निमुळती केली, तर चाल जुळण्याच्या स्थितीतून प्रकाश सावकाश पार होतो. या ओघात तो पहिल्या वाहिनीतून दुसरीत उतरतो आणि परतत नाही, कारण पुढे चाल पुन्हा निराळी झालेली असते. रुंदीत किंवा तरंगलांबीत थोडा फरक पडला तरी जुळणीचे स्थळ फक्त किंचित पुढे-मागे सरकते. या रीतीत नेमक्या लांबीचा अट्टहास उरत नाही. तिची एक किंमत आहे : निमुळती वाट पुरेशी लांब असावी लागते आणि चिपवरील जागा महाग असते.

एकाच चिपवर अनेक पदार्थ

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. याचे उत्तर असे की कोणताही एक पदार्थ सर्व कामे चांगली करीत नाही. सिलिकॉन स्वस्त आहे व त्यावर सूक्ष्म रचना कोरण्याची कला पूर्णत्वास गेली आहे, परंतु तो स्वतः कार्यक्षमतेने प्रकाश निर्माण करू शकत नाही. लेसरसाठी इंडियम फॉस्फाइडसारखे पदार्थ लागतात. अत्यल्प हानीने प्रकाश नेण्यास सिलिकॉन नायट्राइड चांगले, तर विजेच्या संकेतानुसार प्रकाश झपाट्याने बदलण्यास लिथियम नायोबेट उत्तम. ज्याचे काम त्याने करावे आणि प्रकाश एकाकडून दुसऱ्याकडे सुरळीत सोपवावा, हेच या रचनेचे सूत्र आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सान्ता बार्बरा शाखा आणि इंटेल कंपनी यांनी २००६ मध्ये सिलिकॉनवर इंडियम फॉस्फाइडचा थर चिकटवून तयार केलेला विद्युत्‌चलित लेसर जाहीर केला. त्यातील प्रकाश दोन्ही पदार्थांत मिळून वसत होता. आपल्या देशात आय.आय.टी. मद्रास येथे या विषयासाठी स्वतंत्र केंद्र कार्यरत आहे.

डेटा सेंटरच्या दृष्टीने या सांध्यांचा संबंध थेट विजेशी येतो. सांध्यावर ३ डेसिबल हानी होत असेल, तर पलीकडे तेवढाच प्रकाश पोहोचविण्यासाठी लेसरकडून दुप्पट प्रकाश घ्यावा लागतो. त्यासाठी अधिक वीज लागते, तिची उष्णता होते आणि ती काढून टाकण्यास पुन्हा वीज व पाणी खर्ची पडते. एका इमारतीत असे सांधे मोठ्या संख्येने असतात. त्यातील प्रत्येकात वाचविलेला थोडाथोडा प्रकाश राज्याच्या वीजपुरवठ्यावरील भार कमी करतो.

ग्रामपंचायतीच्या दारातील हिशेब

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे तिलाच भारतनेट हे नाव मिळाले. महाराष्ट्रात महानेट प्रकल्पाद्वारे या कामाला जोड देण्यात आली. अशा जाळ्यात एकाच तंतूतील प्रकाश विभाजकाद्वारे अनेक ठिकाणी वाटला जातो. प्रचलित यंत्रणेत एकूण २८ डेसिबल हानी सोसण्याची मुभा असते. एका काल्पनिक गावाचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येईल.

केंद्र ते गाव, २० किलोमीटर तंतू, दर किलोमीटरला ०.३५ डेसिबल : ७.०
वितळवून केलेले १२ जोड, प्रत्येकी ०.१ डेसिबल : १.२
४ कनेक्टर, प्रत्येकी ०.५ डेसिबल : २.०
प्रकाशाचे आठ वाटे करणारा विभाजक : १०.५
एकूण : २०.७ डेसिबल

शिल्लक ७.३ डेसिबल राहिली. ही शिल्लक म्हणजे गावाची गंगाजळीच होय. रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या खोदकामात तार तुटली की मधे नवा तुकडा घालून बहुधा दोन जोड करावे लागतात. ते नीट झाले तर ०.२ डेसिबलच खर्ची पडते. घाईने, धुळीत व ओलाव्यात केले तर एकेका जोडात १ डेसिबल किंवा अधिक जाऊ शकते. अशा तीन-चार दुरुस्त्यांनंतर तार अखंड दिसते, दिवा लागतो, पण संपर्क वारंवार तुटतो. मग यंत्रास दोष दिला जातो, खरा दोष मात्र सांध्यांत असतो.

यास्तव पंचायत सदस्यांनी काही गोष्टींकडे लक्ष पुरवावे. खोदकामाची पूर्वसूचना संबंधित यंत्रणांना मिळावी म्हणून केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. ठेकेदाराने त्याचा वापर केला की नाही, याची विचारणा काम सुरू होण्यापूर्वी करावी. प्रत्येक दुरुस्तीनंतर प्रकाशाची मोजणी करून आकडा नोंदवहीत लिहून घ्यावा. कार्यालयातील तंतूची पिवळी दोरी खिळ्याला गुंडाळू नये वा कपाटाखाली चेपू नये. तीव्र वळणावर प्रकाश गाभ्यातून बाहेर निसटतो. वापरात नसलेल्या कनेक्टरवर टोपण असावे. तंतूच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये, कारण त्यातील प्रकाश दिसत नसला तरी नेत्रपटलास इजा करू शकतो. काचेचे तुटलेले बारीक तुकडे कातडीत रुततात. ते झाकणाच्या डब्यात गोळा करावेत.

शाळेत करण्याजोगे प्रयोग

शिक्षकांना हा विषय अल्प खर्चात शिकविता येईल. प्लॅस्टिकच्या बाटलीस बुडाजवळ भोक पाडून पाणी भरावे आणि अंधाऱ्या खोलीत मागील बाजूने भोकाच्या रोखाने विजेरीचा झोत टाकावा. बाहेर पडणाऱ्या धारेबरोबर प्रकाशही वळलेला दिसतो. १८४१ च्या सुमारास जिनिव्हा येथे कोलाडॉन यांनी असाच प्रयोग लोकांसमोर केला होता. दुसरा प्रयोग लंबकांचा. दोन खुर्च्यांमध्ये दोरी ताणून दोन सारखे दगड समान लांबीच्या दोऱ्यांनी टांगावेत. एकाची गती दुसऱ्याकडे किती वेळात जाते ते मोजावे, मग एका दोरीची लांबी बदलून हस्तांतर किती अपुरे होते ते विद्यार्थ्यांना पाहू द्यावे. वरवर साधा वाटणारा हा खेळ चिपवरील वाहिन्यांच्या गणिताचाच पाया आहे.

काच महाराष्ट्रात ओढली जाते, ती जमिनीखाली पुरणारे व जोडणारे हात इथलेच आहेत आणि तिचा उपयोग करून घेणारी गावेही इथलीच आहेत. लेसर व चिप यांसाठी मात्र देशाला आजही मोठ्या प्रमाणावर आयातीवर विसंबावे लागते. हे अंतर भरून काढण्यास प्रयोगशाळांतील संशोधनाबरोबरच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून कुशल जोडकाम करणारे तंत्रज्ञ घडवावे लागतील. नवी मुंबईतील डेटा सेंटरमध्ये अर्ध्या मायक्रॉनच्या पट्टीत प्रकाश उतरविणारा अभियंता आणि पावसाळ्यात रस्त्याकडेला छत्रीखाली तंतू जोडणारा कामगार हे एकाच साखळीतील दोन दुवे आहेत. त्यांपैकी एकाचे काम कच्चे राहिले तरी गावच्या शाळेतील पडदा कोराच राहील.